वकिली व्यवसायातील कृत्रिम बुद्धिमत्ता

कायदेविषयक संशोधन, दस्तऐवजांची छाननी, मसुदालेखन, भाषांतर इ. वकिली कामांसाठी बुद्धिमान संगणकीय प्रणालींचा केला जाणारा उपयोग आणि तो करताना पाळावयाची व्यावसायिक बंधने यांचा विचार ह्या विषयात होतो. वकील हा एकाच वेळी अशिलाचा विश्वस्त आणि न्यायालयाचा अधिकारी असतो. अशिलाचे गुपित राखणे, त्याचे काम सक्षमपणे करणे व न्यायालयापुढे असत्य न मांडणे, ही त्याची तीन पारंपरिक कर्तव्ये होत. नव्या साधनांमुळे ह्या कर्तव्यांचे स्वरूप बदललेले नाही. मात्र ती मोडण्याचे मार्ग अधिक सोपे झाले आहेत. यंत्राने केलेल्या कामाची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही, ती स्वाक्षरी करणाऱ्या वकिलावरच राहते, हे तत्त्व निरनिराळ्या देशांतील न्यायालयांनी व वकिलांच्या नियामक संस्थांनी मान्य केले आहे.

ऐतिहासिक आढावा : वकिली व्यवसायात संगणकाचा प्रवेश न्यायनिर्णयांच्या शोधापासून झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘लेक्सिस’ (१९७३) व ‘वेस्टलॉ’ (१९७५) ह्या सेवा सुरू झाल्या आणि निर्णयसंग्रहांचे खंड चाळण्याऐवजी शब्दांवरून निर्णय शोधणे शक्य झाले. ह्या सेवा मूळ निर्णय जसाच्या तसा वकिलापुढे ठेवीत. त्याचा अर्थ लावण्याचे काम वकिलाकडेच राहत असे. पुढील टप्पा दस्तऐवजांच्या छाननीचा होय. मोठ्या दिवाणी दाव्यांत पक्षकारांना लाखो ई-पत्रे व कागदपत्रे तपासून संबंधित तेवढी उघड करावी लागतात. वकिलांनी वर्गीकरण केलेल्या काही नमुन्यांवरून उरलेल्या कागदपत्रांचे वर्गीकरण संगणकाने करण्याच्या पद्धतीस न्यू यॉर्क येथील संघीय जिल्हा न्यायालयाने २०१२ मध्ये ‘डा सिल्व्हा मूर विरुद्ध पब्लिसिस ग्रूप’ ह्या खटल्यात मान्यता दिली. करारांतील कलमे शोधून त्यांची छाननी करणाऱ्या प्रणाली त्यानंतरच्या काळात प्रचारात आल्या. मुंबईतील एका मोठ्या विधी पेढीने २०१७ मध्ये अशा प्रणालीचा अवलंब केला.

‘चॅटजीपीटी’ ही प्रणाली ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुली झाली आणि ह्या क्षेत्रास निराळे वळण लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये लंडनस्थित ‘ॲलन अँड ओव्हरी’ ह्या पेढीने ‘हार्वे’ नावाची खास विधी व्यवसायासाठी तयार केलेली प्रणाली वापरीत असल्याचे जाहीर केले. आधीच्या साधनांहून ह्या प्रणालींचा मुख्य भेद असा, की त्या केवळ मजकूर शोधून देत नाहीत, तर स्वतः मजकूर रचतात.

कार्यपद्धती : ह्या प्रणालींच्या मुळाशी भाषेची विशाल प्रतिमाने असतात. २०१७ मध्ये मांडण्यात आलेल्या ‘ट्रान्स्फॉर्मर’ ह्या रचनेवर ती आधारलेली आहेत. अतिशय मोठ्या मजकूरसंग्रहाच्या साहाय्याने प्रतिमानास शिकविले जाते आणि दिलेल्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचे गणित ते आत्मसात करते. उत्तर देताना ते एकेक शब्दांश ह्या संभाव्यतेनुसार जोडीत जाते. त्यामुळे त्याची भाषा सफाईदार व सुसंगत असते. तथापि विधान खरे आहे की खोटे, हे पडताळण्याची सोय ह्या प्रक्रियेत मुळात नाही. न्यायनिर्णयाचा उल्लेख ठराविक साच्यात केला जातो : पक्षकारांची नावे, वर्ष, निर्णयसंग्रहाचा खंड व पृष्ठांक. हा साचा प्रतिमानास उत्तम अवगत असतो. म्हणून जो निर्णय कधी दिलाच गेला नाही, त्याचाही बिनचूक दिसणारा दाखला ते तयार करू शकते. ह्या दोषास ‘हॅलुसिनेशन’ म्हणजे भ्रमनिर्मिती असे म्हणतात.

हा दोष कमी करण्यासाठी प्रश्न विचारल्यावर प्रथम अधिकृत निर्णयसंग्रहातून संबंधित मजकूर काढावयाचा व त्याच्या आधारे उत्तर रचावयाचे, अशी पद्धत योजण्यात आली. तिचा उपयोग होतो, परंतु दोष समूळ नाहीसा होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत, खास विधी संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या नामांकित साधनांच्या उत्तरांतही सु. १७ ते ३३ टक्के प्रसंगी भ्रमनिर्मिती आढळली. यांत दोन प्रकारच्या चुका येतात : एक, विधानच चुकीचे असते, दोन, विधानाच्या पुष्ट्यर्थ दिलेला निर्णय अस्तित्वात असतो, परंतु त्यात तसे काही म्हटलेले नसते. दुसऱ्या प्रकारची चूक अधिक घातक होय, कारण निर्णयाचा क्रमांक तपासून ती सापडत नाही. त्यासाठी निर्णय वाचावाच लागतो.

उपयोग : अशा मर्यादा असूनही ह्या साधनांची उपयुक्तता वादातीत आहे. दीर्घ कागदपत्रांचा गोषवारा, घटनांची तारीखवार जंत्री, दोन मसुद्यांतील भेद, करारातील संभाव्य उणिवा, साक्षीदारास विचारावयाच्या प्रश्नांची पहिली यादी, अशिलास सोप्या भाषेत लिहावयाचे पत्र इ. कामे त्यांच्या साहाय्याने थोड्या वेळात होतात. ज्या कामाचा कच्चा माल वकिलाने स्वतः पुरविलेला असतो व ज्याचे फलित तो चटकन ताडून पाहू शकतो, त्या कामात धोका कमी असतो. याउलट ज्या कामात यंत्राने बाहेरून माहिती आणावी अशी अपेक्षा असते, त्यात तो वाढतो. लहान पेढ्यांना व एकेकट्या वकिलांना ह्या साधनांमुळे मोठ्या पेढ्यांशी काही प्रमाणात बरोबरी करता येते आणि ज्यांना वकिलाचा खर्च परवडत नाही, अशांपर्यंत विधिसाहाय्य पोहोचण्याची शक्यता निर्माण होते. इंग्लंड व वेल्समधील सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेने २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ‘गारफील्ड’ ह्या पेढीस मान्यता दिली. १०,००० पौंडांपर्यंतच्या येण्याची वसुली करण्यास ती साहाय्य करते. मात्र तिच्या प्रणालीस न्यायनिर्णय सुचविण्याची मुभा नाही व तिच्या कामाची अंतिम जबाबदारी मान्यताप्राप्त सॉलिसिटरांवर आहे.

बनावट दाखल्यांचा प्रश्न : ह्या विषयातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण न्यू यॉर्कमधील ‘माता विरुद्ध एव्हिआन्का’ (२०२३) हे होय. विमानात खाद्यपेयांची ढकलगाडी गुडघ्यावर आदळून दुखापत झाल्याबद्दल एका प्रवाशाने विमानकंपनीवर दावा लावला होता. त्याच्या वकिलांनी सादर केलेल्या लेखी युक्तिवादातील किमान सहा निर्णय अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. निर्णय खरे आहेत काय, असे वकिलाने त्याच प्रणालीस विचारले असता तिने होकार दिला होता. प्रतिपक्षाने व न्यायालयाने शंका उपस्थित केल्यानंतरही वकिलांनी चूक तत्काळ कबूल केली नाही. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी जून २०२३ मध्ये दोन वकील व त्यांची पेढी यांना मिळून ५,००० डॉलर दंड केला आणि ज्या न्यायाधीशांच्या नावे बनावट निर्णय दाखविले होते, त्यांना पत्राने ही गोष्ट कळविण्याचा आदेश दिला. विश्वासार्ह साधनाची मदत घेण्यात मुळात गैर काही नाही. दाखल केलेल्या कागदाची अचूकता राखणे हे मात्र वकिलाचेच काम आहे, असे त्यांच्या निर्णयाचे सूत्र आहे.

इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ६ जून २०२५ रोजी ‘आयिंडे’ व ‘अल-हरून’ ह्या दोन प्रकरणांत एकत्रित निर्णय दिला. दुसऱ्या प्रकरणात दिलेल्या ४५ दाखल्यांपैकी १८ निर्णय अस्तित्वात नव्हते. हे संशोधन वकिलाने नव्हे, तर अशिलाने स्वतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केले होते आणि सॉलिसिटरने ते न तपासता स्वीकारले होते. वकिलाने अशिलाच्या संशोधनावर विसंबून राहावे, ही त्या व्यवसायातील क्रमाची उलटापालट होय. अशा वर्तनाबद्दल न्यायालयाचा अवमान आणि गंभीर प्रसंगी न्यायप्रक्रिया विकृत करण्याचा गुन्हा यांखाली कारवाई होऊ शकते, असा इशारा न्यायालयाने दिला. केवळ मार्गदर्शक सूचना प्रसृत करणे पुरेसे नाही, पेढ्यांच्या प्रमुखांनी त्या पाळल्या जातील अशी व्यवस्था केली पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले.

बनावट दाखल्याने होणारी हानी एका दाव्यापुरती नसते. पूर्वनिर्णयांवर आधारलेल्या विधिपद्धतीत न्यायाधीश वकिलाच्या दाखल्यावर काही अंशी विश्वास ठेवूनच काम करतो. कामाच्या ओझ्याखाली असलेल्या न्यायालयाच्या नजरेतून खोटा दाखला निसटला, तर तो निर्णयात समाविष्ट होतो व पुढील निर्णयांचा आधार बनू शकतो. दरम्यान ज्याचे घर, नोकरी किंवा स्वातंत्र्य पणाला लागलेले असते, त्या पक्षकारास वकिलाच्या चुकीची किंमत मोजावी लागते.

गोपनीयता : अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करणे हे वकिलाचे कायदेशीर कर्तव्य आहे. भारतात ते पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १३२ त्याच्या जागी आले आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतही ह्या कर्तव्याचा भंग निषिद्ध मानला आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रणालीत अशिलाचा मजकूर भरणे म्हणजे तो त्रयस्थाच्या संगणकावर पाठविणे होय. सेवेच्या अटींनुसार तो साठविला जातो, काही वेळा प्रतिमानाच्या पुढील शिक्षणासाठी वापरला जातो व क्वचित सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे कर्मचारीही तो पाहू शकतात. त्यामुळे गुपितास असलेले संरक्षण धोक्यात येण्याचा संभव असतो. केवळ नाव वगळल्याने हा धोका टळत नाही, कारण गाव, तारीख, व्यवहाराची रक्कम व नात्यांचा तपशील यांवरून व्यक्ती ओळखता येते.

ह्यासाठी मजकूर न साठविण्याची व त्यावरून प्रतिमान न शिकविण्याची लेखी हमी देणाऱ्या सेवेचाच उपयोग करणे, माहिती कोणत्या देशात ठेवली जाते हे पाहणे आणि एका अशिलाची कागदपत्रे दुसऱ्याच्या कामात मिसळणार नाहीत अशी विभागणी राखणे आवश्यक ठरते. प्रतिपक्षाकडून आलेल्या दस्तऐवजात यंत्राला उद्देशून दडविलेल्या सूचना असू शकतात व त्यांच्यामुळे गोषवारा हेतुतः चुकविला जाऊ शकतो, हाही एक नवा धोका आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ खालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्याची योजना आहे.

सक्षमता, देखरेख व मोबदला : अमेरिकन बार असोसिएशनने २०१२ मध्ये आपल्या आदर्श नियमांच्या भाष्यात तंत्रविद्येचे लाभ व धोके जाणणे हा वकिलाच्या सक्षमतेचा भाग ठरविला. त्याच वर्षी बिगर-वकील ‘साहाय्यकां’च्या देखरेखीसंबंधीच्या नियमाच्या शीर्षकात ‘साहाय्य’ असा बदल करण्यात आला आणि माणसाव्यतिरिक्त अन्य साधनांकडून घेतलेली मदतही त्याच्या कक्षेत आली. ह्या संघटनेच्या जुलै २०२४ मधील ५१२ क्रमांकाच्या औपचारिक मतात सक्षमता, गोपनीयता, अशिलाशी संवाद, न्यायालयाशी प्रामाणिकपणा, देखरेख व वाजवी मोबदला ह्या सहा कर्तव्यांच्या दृष्टीने कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार केला आहे. तासावर मोबदला घेणाऱ्या वकिलाने प्रत्यक्ष खर्च झालेल्या वेळाचेच पैसे घ्यावेत. दहा तासांचे काम यंत्राच्या मदतीने एका तासात झाल्यास दहा तासांची आकारणी करता येत नाही. साधारण उपयोगाचे साधन शिकण्यात गेलेल्या वेळाचा भारही अशिलावर टाकू नये, असे त्यात म्हटले आहे. अशिलाची गोपनीय माहिती यंत्रास द्यावयाची असल्यास त्याची माहितीपूर्ण संमती घ्यावी व ती करारपत्रातील एखाद्या साचेबंद वाक्यावर भागवू नये, असाही त्याचा आशय आहे.

भारतातील स्थिती : भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायनिर्णयांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ (२०१९) व न्यायाधीशांच्या संशोधनसाहाय्यासाठी ‘सुपेस’ (२०२१) ह्या प्रणाली पुढे आणल्या. दोन्हींच्या आरंभकाळात मूळचे नागपूरचे शरद बोबडे हे सरन्यायाधीश होते. महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या प्रकरणाची घटनापीठापुढील सुनावणी २१ फेब्रुवारी २०२३ रोजी चालू असताना त्या न्यायालयात संगणकीय प्रणालीने तात्काळ प्रतिलेखन करण्याचा प्रयोग प्रथम झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये एका व्यापारचिन्हाच्या दाव्यात वादीच्या वतीने चॅटजीपीटीची उत्तरे आधार म्हणून दाखविण्यात आली, तेव्हा अशी उत्तरे न्यायनिर्णयाचा पाया होऊ शकत नाहीत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायसंस्थेसाठी धोरण जाहीर करून निष्कर्ष, आदेश व न्यायनिर्णय यांसाठी ह्या साधनांचा वापर करण्यास मनाई केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराच्या निर्धारणाचा एक आदेश रद्द केला; त्यात अस्तित्वात नसलेल्या न्यायनिर्णयांचा आधार घेतलेला होता. संगणकाने दिलेल्या फलितांवर आंधळेपणाने विसंबू नये, ती ताडून पाहावीत, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले. म्हणजेच हा दोष वकिलांपुरता मर्यादित नाही. निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडूनही तो घडू शकतो.

भारतीय वकिलांस दोन विशेष अडचणींचा विचार करावा लागतो. पहिली कायद्यातील बदलाची. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेतील कलम ३०२ हे खुनाच्या शिक्षेचे होते. नव्या संहितेत ती तरतूद कलम १०३ मध्ये असून तिचे कलम ३०२ धार्मिक भावना दुखविण्याच्या हेतूने काढलेल्या उद्‌गारांसंबंधी आहे. अनेक दशकांच्या जुन्या मजकुरावर पोसलेले प्रतिमान येथे सहज घोटाळा करू शकते. शिवाय कोणत्या तारखेच्या कृत्यास कोणता कायदा लागू, हे दर वेळी ठरवावे लागते. दुसरी अडचण भाषेची. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत येणारी बरीचशी कागदपत्रे मराठीत असतात आणि त्यांत सातबारा, फेरफार, वहिवाट यांसारख्या महसुली शब्दांची रेलचेल असते. ‘कूळ’ हा शब्द वंश ह्या अर्थाने योजला आहे की १९४८ च्या कूळकायद्यातील जमीन कसणारा ह्या अर्थाने, यावर जमिनीचा हक्क अवलंबून असू शकतो. त्याचप्रमाणे न्यायालयाने ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हटल्यास त्याचा अर्थ अपिलास परवानगी दिली असा होतो. यंत्राने त्याचे भाषांतर ‘रजा मंजूर’ असे केल्यास आदेशच निरर्थक ठरतो. भाषांतरित मजकूर उभय भाषा व कायदा जाणणाऱ्या व्यक्तीने मुळाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरणे म्हणूनच अयोग्य होय.

सुरक्षित वापराची पद्धती : अनुभवाअंती पेढ्यांसाठी पुढील पथ्ये आवश्यक ठरली आहेत : (१) कोणती साधने कोणत्या कामासाठी वापरावीत व कोणत्या कामासाठी वापरू नयेत, याचे लेखी धोरण असावे. (२) प्रत्येक दाखला अधिकृत निर्णयसंग्रहातून काढून संबंधित परिच्छेद मुळातून वाचावा आणि तो निर्णय नंतर वरिष्ठ न्यायालयाने फिरविला नाही ना, हे पाहावे. (३) यंत्राच्या उत्तराची खातरजमा त्याच यंत्राला विचारून करू नये. (४) तपासणी कोणी व केव्हा केली, याची नोंद प्रकरणाच्या कागदपत्रांत ठेवावी. (५) कनिष्ठ वकील, कारकून व बाहेरून काम करून देणाऱ्या संस्था यांनाही हेच नियम लावावेत. (६) चूक आढळल्यास ती विनाविलंब न्यायालयाच्या व अशिलाच्या निदर्शनास आणावी. टेक्ससमधील एका संघीय न्यायाधीशांनी २०२३ मध्ये वकिलांकडून अशा तपासणीचे प्रमाणपत्र मागण्यास सुरुवात केली. त्यानंतर इतर काही न्यायालयांनीही तसे आदेश काढले.

मूल्यमापन : ही पथ्ये पाळण्यास वेळ लागतो व यंत्राने वाचविलेल्या वेळाचा काही भाग त्यांत खर्च होतो. त्यामुळे ती टाळण्याचा मोह साहजिक आहे. विशेषतः जेथे कामाचे ओझे मोठे व मोबदला तुटपुंजा असतो, अशा ठिकाणी तो बळावतो. हा मोह आवरण्याचे सामर्थ्य केवळ नियमांतून येत नाही. चुकीचा युक्तिवाद चुकीचा म्हणून ओळखता येण्यासाठी वकिलास कायद्याचे मूळ ज्ञान असावे लागते आणि ते निर्णय वाचून, टिपणे काढून व मसुदे पुनःपुन्हा लिहूनच मिळते. मुंबईतील सॉलिसिटरांच्या पेढ्यांत उमेदवारीची जी परंपरा चालत आली, तिचे प्रयोजन हेच होते. नवशिक्या वकिलांची ही सर्व कामे यंत्राकडे सोपविली गेली, तर यंत्राच्या चुका ओळखू शकणारी पुढील पिढी घडण्यास अडथळा येईल. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचा नीतियुक्त वापर हा माहितीच्या सुरक्षिततेपुरता प्रश्न नसून वकिलांच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे. अशिलाने वकीलपत्र दिलेले असते ते एका माणसाला. न्यायालयापुढे उभे राहून आपण केलेल्या प्रत्येक विधानाचे उत्तर देण्यास तो बांधलेला असतो आणि हे उत्तरदायित्व कोणत्याही साधनाकडे सोपविता येत नाही.